तेरातले दहा

बोईसरमध्ये राहणाऱ्या माणसाने काळ्या दारूची काडतुसं कशी भरतात याचा विचार करत बसावं, याला तसं काही सबळ कारण नाही. इथे डोकं लावायला इतर विषय पुष्कळ आहेत. सकाळच्या लोकलमध्ये चौथी सीट तरी मिळेल का, सातपाटीचं पापलेट आज काय भावाने आलं, आणि वारा फिरल्यावर कारखान्यांकडून जो वास येतो तो नेमका कुठल्या रसायनाचा. या शेवटच्या विषयावर तर आमच्या इमारतीत आजवर एकमत झालेलं नाही. पण माझी सगळी नोकरी औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासण्यात गेली. दुसऱ्यांनी भरलेल्या पिंपांवर, गोण्यांवर आणि बाटल्यांवर मी सह्या केल्या. कोण काय भरतो, किती भरतो आणि भरताना कुठे हात आखडता घेतो, हे पाहण्याची नजरेला खोड लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. भरण्याच्या कामाची परमावधी बघायची असेल, तर ती काळ्या दारूच्या काडतुसात बघावी, असं माझं मत झालं आहे.

मी नुसता विचारच करतो, हे आधीच सांगून ठेवतो. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे गुन्हा आहे, आणि निवृत्त माणसाला वकिलाची फी परवडत नाही.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. शंभर भागांत 75, 15 आणि 10 हे तिचं रूढ प्रमाण. सोरा एके काळी बिहारातून जहाजंच्या जहाजं भरून युरोपात जायचा. इंग्रज आणि डच व्यापारी त्यासाठी पाटण्यात ठाण मांडून बसलेले असत. कोळसा मात्र ज्याच्या त्याच्या रानातला. तिकडे विलोच्या लाकडाचा, इकडे रुईचा नाहीतर तुरीच्या काट्यांचा. तुरीची डाळ आमटीत आणि काटी तोफेत, एवढा सर्वांगाने उपयोगी पडणारा कर्मचारी कुठल्याही कंपनीला आवडेल.

माल म्हणून पाहिलं तर मात्र ही दारू सुमार. ती पेटली की निम्म्यापेक्षा कमी वजनाचा वायू होतो, आणि गोळीला धक्का देतो तो तेवढाच. उरलेला निम्म्याहून जास्त भाग घनच राहतो. त्यातला काही धूर होऊन मारणाऱ्याच्या तोंडासमोर उभा राहतो, काही काजळी होऊन नळीत बसतो. आपण मारलेली गोळी कुठे लागली, हे मारणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. असा माल माझ्या टेबलावर आला असता तर मी त्यावर लाल शिक्का मारून परत पाठवला असता. जगाने मात्र याच मालावर कित्येक शतकं राज्यं घेतली आणि घालवली. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने जवळजवळ धूर न करणारी दारू काढली आणि काळ्या दारूचे दिवस फिरले. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यानपिढ्या दिसलेल्या .303 रायफलीचं पहिलं काडतूससुद्धा 1888 मध्ये काळ्या दारूचंच होतं. 1891 मध्ये त्यात कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली आणि काळी दारू सेवानिवृत्त झाली.

निवृत्तांना कुणीतरी विचारतं, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. अमेरिकेत आणि युरोपात काही हौशी माणसं दीडशे वर्षांपूर्वीच्या घडणीच्या रायफली घेऊन आजही मैदानावर जमतात. त्यांच्या आवडत्या काडतुसांपैकी एक म्हणजे अमेरिकन सैन्याने 1873 मध्ये स्वीकारलेलं .45-70. नावातच सगळा हिशेब मांडलेला. गोळीचा व्यास इंचाच्या 45 शतांश, दारू 70 ग्रेन, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. एवढीशी दारू पितळी नळकांड्यात घालायला किती वेळ लागावा? या मंडळींना संध्याकाळ पुरत नाही.

आधी गेल्या खेपेचं रिकामं नळकांडं घासूनपुसून लख्ख करायचं. मग बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची. मग दारू तोलायची, आणि तीही सरळ ओतायची नाही. दोन फूट उंचीच्या बारीक नळीतून हळूहळू सोडायची, म्हणजे दाणे एकमेकांच्या खोबणीत बसत बसत खाली उतरतात. पोह्यांचा काठोकाठ भरलेला डबा ओट्यावर दोनदा आपटला की पोहे दोन बोटं खाली जातात आणि पिशवीत उरलेले मूठभरही मावतात, तोच हा प्रकार. त्यावर पुठ्ठ्याची चकती. मग तीही दाबून दारू आणखी बसवायची. मग शिशाची गोळी. वीस भाग शिशाला एक भाग कथील, असं पुष्कळांचं प्रमाण. गोळीच्या अंगावर खाचा, आणि खाचांत मेणाचं वंगण.

एवढा खटाटोप कशासाठी? काळ्या दारूला पोकळी खपत नाही म्हणून. दारू आणि गोळी यांच्यामध्ये रिकामी जागा राहिली तर दाब भलतीकडेच चढतो आणि नळी फुगू शकते. बिनधुराच्या आधुनिक दारूची काडतुसं अर्धवट रिकामी असली तरी बहुधा निभावतं. हिचं निभत नाही. तुझं कमी असेल तर कमी भर, पण मध्ये जागा ठेवू नकोस, असा तिचा खाक्या. नोकरीत मी जी भाषणं ऐकली, त्यांना हा नियम लावला असता तर पुष्कळ नळ्या फुगल्या असत्या.

पुढे मैदानावर गेल्यावर काय? एक बार झाला की नळीत काजळी बसते. ती सुकून कडक झाली तर पुढची गोळी वाट सोडते. म्हणून ही माणसं दोन बारांच्या मध्ये एक नळी लावून रायफलीत फुंकर घालतात, म्हणजे श्वासातल्या ओलाव्याने काजळी मऊ राहते. हे वाचल्यावर मला आपल्या किनाऱ्याचा अभिमान वाटला. केळव्यापासून तारापूरपर्यंतच्या हवेत जून महिन्यात फुंकर घालायची गरजच नाही. नळी नुसती धरून उभं राहिलं तरी काम होईल. अर्थात त्याच हवेने ती रायफल दोन दिवसांत गंजेल हेही खरं. कारण काळ्या दारूची काजळी पाणी ओढते आणि लोखंड खाते. म्हणून घरी गेल्यावर रायफल साबणाच्या गरम पाण्याने धुवायची, पितळी नळकांडी घासायची, पुसायची, वाळत घालायची. सकाळी योद्ध्याच्या थाटात घराबाहेर पडलेला माणूस संध्याकाळी मोरीत भांडी घासत बसलेला असतो. या खेळाला बायकांचा फारसा विरोध नसेल, तर तो यामुळेच.

या सगळ्या तयारीचं सार्थक कसं होऊ शकतं, त्याची एक नामांकित गोष्ट आहे. 26 सप्टेंबर 1874 या दिवशी न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिका यांची नेमबाजी झाली. अंतरं 800, 900 आणि 1000 यार्डांची. आयरिश संघ तोंडातून ठासायच्या रायफली घेऊन आला होता, आणि अमेरिकन मागून काडतूस घालायच्या. अमेरिका जिंकली, 934 विरुद्ध 931. अवघे तीन गुण. आणि आयर्लंडच्या मिल्नर नावाच्या नेमबाजाने मध्यात बरोबर, चार गुणांची गोळी लावली होती, पण शेजारच्या फळ्यावर. भरणी अचूक, नेम अचूक, फळा दुसऱ्याचा. आमच्या भाषेत सांगायचं तर माल पहिल्या प्रतीचा, पत्ता चुकीचा. अशा मालाची जबाबदारी कुणाच्या खात्यावर टाकायची, यावर मी बैठकांमध्ये दिवस दिवस घालवलेले आहेत.

आमच्या किनाऱ्यावर खेळ म्हणून नव्हे, पण ठासण्याची कामं भरपूर झाली. 1739 च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजांनी माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर ही पोर्तुगीजांची ठाणी ओळीने घेतली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून कामी आले. आज शिरगावच्या किल्ल्यावर फोटो काढायला येणारी पोरं त्या बुरुजांवर दोन मिनिटांत चढतात. त्या काळी त्या दोन मिनिटांत तोड्याच्या बंदुकीचा पुढचा बार भरून होत असेल: शिंगातून दारू घ्या, नळीत ओता, गोळी सोडा, गजाने ठासा, कानात बारीक दारू घाला, पेटता तोडा लावा. आणि एवढं करताना समोरचा वाट बघत थांबत नसे.

त्यानंतर वसई. तिथे काम बंदुकांनी भागलं नाही, सुरुंग लागले. सुरुंग म्हणजे तरी काय, जमिनीतच ठासलेला बार. खणणारे वेगळे, भरणारे वेगळे, आणि उडाल्यावर खिंडारात घुसणारे वेगळे. एक सुरुंग उशिरा उडाला आणि आत घुसलेली आपलीच माणसं त्यात गेली. मे महिन्यात वसई पडली तेव्हा पावसाळा दाराशी होता, आणि पाऊस लागला असता तर दारूही भिजली असती आणि मोर्चेही. इतिहासाच्या पुस्तकात वसईच्या नावापुढे सेनापती असतो. ज्यांनी अंधारात, वाकून, लोखंडाची ठिणगी पडू न देता ती दारू भरली, त्यांची हजेरी कुठेच लागलेली नाही. आमच्या वसाहतीत द्रावकांच्या विभागात आजही पितळी हातोड्या आणि ठिणगी न पडणारे पाने वापरतात. ते दिसले की मला हे बिनहजेरीचे लोक आठवतात.

आणि मग कागदी काडतूस आलं. एका बारापुरती दारू आणि गोळी एकाच कागदात गुंडाळलेली. 1853 च्या एनफिल्ड रायफलीचं काडतूस घ्यायचं, टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. वेळ वाचला, माप पक्कं झालं, आणि एक मोठी गोष्ट मागे पडली. तोवर शिपाई स्वतःचा बार स्वतः भरत होता. आता भरणारा एक आणि दात लावणारा दुसरा. वंगणात गाईची की डुकराची चरबी आहे, हे दात लावणाऱ्याला सांगणारा कुणी नव्हता. 1857 मध्ये पेटलं त्याला कारणं पुष्कळ होती, पण पुड्यावर घटक छापलेले नाहीत ही त्यातली एक तक्रार आणि माझ्या धंद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची. वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच सुमाराला उत्तरेकडे निघाले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये काडतुसांची ही हकीकत आहे. पुढे सरकारने काडतूस दातांऐवजी हाताने फाडायची मुभा दिली. तोवर माल बाजारात गेला होता आणि विश्वास परत मागवता येत नाही. 1869 मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला, आणि काडतूस हे कुणाच्या तरी हातचं न राहता कारखान्याचं झालं.

हातचा बार मात्र अजून संपलेला नाही. माझ्या बायकोचे मामा वाडा तालुक्यात शेती करतात. शेतीच्या रक्षणासाठी त्यांच्याकडे रीतसर परवान्याची ठासणीची बंदूक आहे. ते रात्री माळ्यावर बसून ती भरतात तेव्हा बघत राहावं. दारू, मग काथ्याचा बोळा, गजाने ठोकणं, पुन्हा बोळा, शेवटी टोपी. ते ठोकताना गजाचा आवाज कानाने ऐकतात. आवाज बदलला की मान हलवतात आणि थांबतात. या परीक्षेला आमच्या प्रयोगशाळेत एखादं महागडं यंत्र लागलं असतं आणि ते दुरुस्तीला गेलेलं असतं.

“मामा, छर्रे नाही घातले?” मी एकदा विचारलं.

“छर्रे कशाला? डुक्कर मारायचं तर वनखात्याचा कागद पायजे. आवाजाला कागद लागत नाय.”

2024 मध्ये विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली. म्हणजे नेमकी कोळमाची लोंबी भरत आलेली असताना. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, तशी मामांचीही गेली. बंदूक आत आणि डुकरं शेतात, असा महिना गेला. मी सांत्वनाला फोन केला तर मामा म्हणाले, “अहो जावईबापू, आचारसंहिता वाचून दाखवायला त्यांना गाठू कुठं?”

आता ज्या नियमाने मला या विषयाच्या नादी लावलं, त्याच्याकडे वळतो. तोंडातून ठासायच्या जुन्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धा 1971 पासून एक आंतरराष्ट्रीय समिती भरवते. दारू आधीच मोजून छोट्या नळ्यांत आणायची, मैदानावर डब्यातून थेट बंदुकीत ओतायची नाही, हा सुरक्षेचा दंडक. आणि खेळाचा दंडक असा: अर्धा तास, तेरा बार, आणि त्यांतले उत्तम दहाच मोजायचे. तीन माफ.

आधुनिक रायफलीच्या स्पर्धेत असं नसतं. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. त्याच्या प्राथमिक फेरीत साठ गोळ्या असतात आणि साठच्या साठ मोजल्या जातात. हे रास्तच आहे. तिथलं काडतूस कारखान्यातून आलेलं, एकासारखं एक. चूक झाली तर ती माणसाची, आणि तिला जागा नाही. पण जिथे माणूस स्वतः तोलतो, स्वतः ओततो, स्वतः ठासतो, तिथे एखादा बार ओला निघणार, एखादा हलका, एखाद्याची टोपी दगा देणार. नियम करणाऱ्यांनी हे गृहीत धरलं. हाताने भरायचं काम दिलं की तीन माफ करावे लागतात. आयुष्यभर गुणवत्ता तपासली, पण एवढी समंजस प्रमाणपद्धती माझ्या कुठल्या पुस्तिकेत नव्हती. आमच्याकडे फाटकावरच पाटी होती: शून्य दोष.

त्या पाटीला मी हसत नाही. पलीकडेच तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, आणि तिथे तेरातले तीन सोडा, एकही सोडता येत नाही. भरणीचं काम तिथेही चालतं. 1969 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांमध्ये इंधन बदलायचं तर भट्टी बंद करावी लागते, म्हणजे त्या ठासणीच्या. 2005-06 मधल्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्यांमध्ये इंधन भट्टी चालू असतानाच बदलतात, त्या मागून काडतूस घालायच्या. दोन्हींत प्रत्येक नळी मोजलेली, तपासलेली, नोंदलेली. तिथे कुणी माफीचा नियम आणू म्हणालं, तर मी पहिल्या लोकलने गाव सोडेन.

तेव्हा माझ्या मते कामांच्या वह्या दोन असाव्यात. एक साठच्या साठची आणि एक तेरातल्या दहाची. घोटाळा होतो तो वह्यांची अदलाबदल झाल्यामुळे. आपण पोराच्या चित्रकलेला पहिली वही लावतो आणि रस्त्याच्या कंत्राटाला दुसरी. मी हा सिद्धांत मोठ्या समाधानाने मामांना ऐकवला. ते बंदूक पुसत होते. त्यांनी तेरा बारांचा हिशेब शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, “मंग त्या तीन बारांचा आवाज होत नाय?”

“होतो की.”

“मंग सोडले कशापायी? आमच्याकडं नेम चुकला तरी डुक्कर पळतंच.”

मामांच्या खेळात नेम मोजतच नाहीत. बार झाला, आवाज बांधापलीकडे गेला, की तो धरला. माझ्या दोन वह्यांत हे बसत नव्हतं, म्हणून मी तिसरी केली. घरातली कामं आता मी तीन वह्यांत वाटतो आहे. गॅसचा नॉब बंद करणं पहिल्या वहीत. पालेभाजी निवडणं, नातवाला गणित शिकवणं दुसऱ्या वहीत. आणि जुन्या सहकाऱ्याला फोन करणं, आजारी शेजाऱ्याकडे डोकावणं, भांडणानंतर आपण आधी बोलणं ही कामं तिसऱ्या वहीत; कारण तिथे काय बोललो ते चुकलं तरी चालतं, आवाज पोचल्याशी कारण. माझ्या हातचा चहा कुठल्या वहीत जातो यावर मात्र तोडगा निघालेला नाही. माझा आग्रह तिसऱ्या वहीचा आहे. बायको पहिलीवर अडून बसली आहे.